गाडीच्या कानावर जाऊ नये म्हणून

“हळू बोला. तिच्या कानावर जाईल.”

वर्कशॉपच्या मिस्त्रीला दंडाला धरून आप्पा पत्र्याच्या भिंतीमागे घेऊन गेले होते. मी जीपमध्ये बसून ऐकत होते. पलीकडून आप्पांची कुजबुज आली, “डावीकडं वळाया लागली का आपोआप हॉर्न वाजतो. आन् चढ आला का बंदच पडती. लई खोडील निघाली. पन हे तिच्या म्होरं नगा बोलू.”

आप्पा माझे चुलते, वडगाव रासाईचे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. जनावरासमोर त्याचं उणं काढायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. “मान खाली घालतं, मंग चरत न्हाई,” असं ते सांगायचे. शेवटची मेंढरं विकून त्यांनी नवी कोरी जीप घेतली, शिरूरपर्यंत माणसांची ने-आण करायला, आणि तोच नियम जीपलाही लावला.

बाजारच्या दिवशी चढावर सगळी माणसं उतरून ढकलायची. एकदा एक म्हातारी टोपली डोक्यावर ठेवून ढकलता ढकलता म्हणाली, “आप्पा, उद्या मी चालतच जाते. तेवढीच लवकर पोचंन.” आप्पांनी बॉनेटवर थाप मारली. “दमली असंल. ल्हान हाय अजून.” राहू गावात तर एका अंत्ययात्रेमागेच डावं वळण आलं. आप्पा खिडकीतून हात जोडत राहिले आणि हॉर्न वळण संपेपर्यंत वाजत राहिला. पुढचे दोन खांदेकरी मागे वळून बघत होते.

पाच वेळा दुरुस्ती झाली. सहाव्यांदा शोरूमवाल्याने, तुमचीच चालवायची पद्धत चुकते, असं सांगितलं. तेव्हा आप्पा शिरूरला आमच्या घरी आले. “सुमे, तू इंग्रजीत शिकलीयास. अर्ज तू लिही.”

मी आनंदाने लिहिला. कागदावर बोलावं लागत नाही. माझं मराठी पुस्तकी म्हणून गावातल्या मुली हसायच्या, त्यामुळे चारचौघांत मी तोंड उघडतच नसे. ग्राहक मंचाकडे आमची एकच मागणी होती: ही गाडी घ्या, दुसरी द्या. ती मान्य झाली नसती तर आप्पांकडे ना मेंढरं उरली असती, ना चालणारी गाडी.

मग कंपनीचा इंजिनिअर तपासणीला वडगावला आला. चहा झाल्यावर जीपच्या बॉनेटवर वही ठेवून त्याने विचारलं, “गाडी कशी आहे, आप्पा?”

आप्पांनी जीपकडे पाहिलं. “लई गुनाची हाय, साहेब.”

त्याने लिहून घेतलं. “काही त्रास?”

“छे. तिचा कसला तरास.”

खाली आप्पांनी सही केली आणि इंजिनिअरला खुणेने गोठ्यामागे बोलावलं. पण तो वही मिटून निघाला होता. मी चहाचा ट्रे धरून तिथेच उभी होते. सगळं कळत होतं, तरी मी रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करत राहिले.

पुण्यात सुनावणी होती. जीप आम्ही घेऊनच गेलो होतो, आणि ती मंचाच्या खोलीच्या उघड्या खिडकीबाहेर येऊन बंद पडली. तिथून हलेचना. आत कंपनीच्या वकिलाने ती वही वाचून दाखवली. वाचताना त्याला हसू आवरेना.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “आप्पा, हे तुम्ही बोललात?”

“व्हय, साहेब.”

“म्हणजे गाडी चांगली आहे?”

आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. “तशी... मनानं चांगली हाय.”

वकील खाली बसला. अध्यक्ष म्हणाले, “मग तक्रार फेटाळावी लागेल,” आणि त्यांनी पेन उचललं. आप्पा नुसते घाम पुसत होते. मी उठून उभी राहिले. सगळी खोली माझ्याकडे बघत होती.

“सर,” मी म्हणाले, “आधी ती खिडकी लावून घ्या. गाडी बाहेरच उभी आहे, आणि आप्पा तिच्या तोंडावर तिला नावं ठेवत नाहीत. खिडकी लागली की त्यांना पुन्हा विचारा.”