ओढून घेतलेल्या परातीची दुसरी बाजू

मैत्रिणींनो, आपल्या वाचन गटात ठरलेली ती जुनी कथा आज दुपारी मी घरी मोठ्यानं वाचली. समोर सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

अर्धी कथा सुनेच्या नजरेतून आहे. सासू नुसती टाकून बोलते. सासूबाईंनी मध्येच विचारलं, "त्या सासूचं कोणी ऐकणार हाय का न्हाई?"

पुढच्याच पानावर लेखक सुनेला सोडून थेट सासूच्या मनात शिरतो. पहिल्यांदा वाचताना मला हा बदल खटकला होता. सासूबाईंनी मात्र मेथी बाजूला सारली. "आता बराबर झालं," म्हणाल्या.

मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या हातची परात मी ओढली, ते तू समद्यांना सांगतीस."

खरंय, तुम्हालाही सांगितलंय. मी जालन्यात पोळ्यांवर वाढलेली. लग्न होऊन मंठ्याजवळच्या या गावात आले आणि पहिल्यांदाच ज्वारीच्या भाकरी करायला बसले. घरभर पाहुण्या बायका असताना सासूबाईंनी "ऊठ, तुला न्हाई जमायचं" म्हणत परात ओढून घेतली.

"बायका तुझ्या भाकरीकडंच डोळे लावून बसल्या होत्या," त्या म्हणाल्या. "एक जरी मोडली असती, तर तुला गावभर नावं ठेवली असती. म्हणलं, मलाच ठेवू देत."

त्या लेखकानं मध्येच बाजू बदलली नसती, तर हे मला कधीच कळलं नसतं. त्याचे आभार मानायचे राहू नयेत म्हणून ही पोस्ट.

तुम्ही घरातल्या कोणाची गोष्ट अजून फक्त आपल्याच बाजूनं सांगता?