गाडी भरून निघते ते गाव

परवा पालकाची एक जुडी मला अर्धा दिवस, गाडीचं डिझेल, बायकोची बोलणी आणि अजून परत न आलेली झोप, एवढ्याला पडली. भाजीवाल्यालाच भाजी महाग पडली म्हणून हसाल... हसा. मला अजून हसू आलेलं नाही.

नवीन मित्रांसाठी सांगतो. इंदूरच्या राजवाड्यामागे हातगाडीवर कोथिंबीर विकण्यापासून सुरुवात केली. आज माझे टेम्पो महूच्या पलीकडच्या गावांतून भाजी उचलतात आणि इंदूरभर घरपोच देतात. ‘काल शेतात, आज ताटात’ हे टेम्पोवरचं वाक्यसुद्धा माझंच.

थोरली मुलगी प्रज्ञा त्यातल्याच एका गावात सरकारी शाळेत शिकवते. बदली झाली तेव्हा तिची आई काळजीत पडली होती. मीच म्हटलं, "खाण्यापिण्याचं टेन्शन घेऊ नकोस, आपली गाडीच जाते तिथे." प्रज्ञाला आता सातवा महिना लागलाय.

जावई ट्रेनिंगला बाहेरगावी, म्हणून परवा मीच तिला तपासायला महूला नेलं. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला, परत वाचला... हिमोग्लोबिन नऊच्याही खाली.

"जेवणात हिरवं काही असतं का?" त्यांनी विचारलं. "असतं ना, मिरची," प्रज्ञा म्हणाली. मी हसलो. मॅडम नाही हसल्या.

म्हणाल्या, नुसत्या गोळ्यांवर निभणार नाही. डाळ, अंडी, पालेभाजी, वर लिंबू... रोज पोटात गेलं पाहिजे. पंधरवड्याने पुन्हा बघू, नाही वाढलं तर बाळंतपण इंदूरच्या मोठ्या हॉस्पिटलात, आणि तेही रक्ताची सोय करून.

परतताना मी तिच्यावरच चिडलो. "भाजीवाल्याची पोर तू, आणि मिरची खातेस?"

"बाबा, गावात भाजी मिळत नाही."

"कमाल करतेस! रोज टेम्पो भरून भाजी निघते तिथून."

"निघते. राहत नाही."

गावात शिरताना मग पहिल्यांदा नीट बघितलं. दुतर्फा सगळं सोयाबीन. दुकानाच्या दारात चिप्सच्या पाकिटांच्या माळा, आत बिस्किटं आणि शेव. भाजी म्हणे हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी येते... इंदूरच्या मंडीतून, कोमेजून.

पाण्याची सोय असलेल्या दोनचार शेतांतच भाजी होते. त्यातल्या एका शेताशी प्रज्ञाने गाडी थांबवायला लावली. संध्याकाळची वेळ, रामकन्याबाई नावाच्या शेतकरीण पालकाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. शेजारी त्यांची सूनही बांधत होती, तिचंही पोट पुढे आलेलं.

मी गाडीतच बसलो, काच खाली करून. प्रज्ञा म्हणाली, "काकी, आज तो एक गड्डी दे दो."

"मैडमजी, माफ करो. यो सगळो माल इंदौरवाळा सेठ को हे. एक गड्डी भी खुल्ले में दी, तो कल से गाड़ी नी रुकेगी."

इंदौरवाला सेठ म्हणजे मी. नियमही माझाच. पूर्वी लोक ताज्या जुड्या गावात विकायचे आणि उरलेलं मला द्यायचे. म्हणून मीच ठरवलं होतं की अख्खा माल आमचा, गावात सुटी विक्री बंद.

प्रज्ञाने एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मी उतरलो आणि विचारलं, "सेठ को कौन बताएगा, काकी?"

"सेठ का कान भोत तेज हे, भिया. ड्राइवर बतई दे. म्हारी बहू पेट से हे, उके भी नी देउं."

म्हटलं, मीच तो सेठ. तर म्हातारी खो खो हसली. "सेठ असी खटारा में आवेगो?" शेवटी ड्रायव्हरला फोन लावून माझी ओळख पटवावी लागली. मग मात्र तिने घाईघाईने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि "मैडमजी ने मांगी थी, म्हने दी नी" असं पुन्हा पुन्हा सांगू लागली... जणू मी तिला पकडायला आलो होतो. ते हात अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

एक जुडी सुनेच्या हातात दिली, एक प्रज्ञासाठी घेतली. गाडीत बसल्यावर तिला विचारलं, "तू माझी मुलगी आहेस हे त्यांना सांगायचंस तरी!" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर लोकांनी घाबरून फुकट आणून दिली असती. त्यांचीच पोरं माझ्या वर्गात आहेत, बाबा."

नियम मी तिथेच, गाडीत बसल्या बसल्या मोडला. ड्रायव्हरला सांगितलं, या गावात आधी गावाची भाजी काढायची, उरेल ती आपली. कालपासून प्रज्ञा प्रत्येक जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवते. हिरवं दिसलं की जरा बरं वाटतं, पण पुढचा रिपोर्ट येईपर्यंत काही खरं नाही.

रामकन्याबाईंचे आभार. त्यांनी जुडी गुपचूप दिली असती, तर मला हे कधीच कळलं नसतं.

माझे टेम्पो आणखी पाच गावांतून भरतात. तिथे नियम अजून तोच आहे.