वाक्य पुरं होईपर्यंत

मोबाइलच्या स्क्रीनवर कुठली गोष्ट कुठे दिसावी ते मांडायचं, हा त्याचा धंदा. हे सासूबाईंना समजावताना त्याच्या तोंडाला फेस यायचा. "बटणं कुठे बसवायची ते मी ठरवतो," असं एकदा कंटाळून म्हणाला, तर त्यांनी शेजारणीला सांगून टाकलं, की जावई शिंपी आहे, पण ऑफिसात बसतो.

काम ऐकायला सोपं, पण फोन काय सगळे एका मापाचे असतात होय? पूर्वी बटण मोजूनमापून एका जागी ठोकायचं. फोन बदलला की ते बिचारं स्क्रीनबाहेर. आता त्याच्याकडे जे टूल होतं, त्याला जागा सांगायचीच नाही. नुसत्या अटी घालायच्या. फोटो मधोमध राहील, त्याच्याखाली नाव, नावाखाली माहिती, सगळ्यात खाली बटण, आणि कुणी कुणाच्या अंगावर चढायचं नाही. बाकीचा हिशेब टूल करतं. अटी आपसात भांडल्या, तर त्यातली एक आपल्या मर्जीने मोडतं आणि वर तक्रारही करतं. जागाच अपुरी पडली तर अंग कुणी चोरायचं, हेसुद्धा आधी सांगून ठेवावं लागतं. ज्याचा आग्रह कमी, त्याची गळचेपी. मजकूर असेल तर तो मध्येच तुटतो आणि पुढे तीन टिंबं उमटतात. दिवसभर अटी घालतो म्हणून ऑफिसात सगळे त्याला 'अट्टल' म्हणत.

घरात मात्र अटी बायकोच्या. सध्या एकच होती. "आई या वेळी रमली पाहिजे. पुन्हा रुसून गेली आणि त्या बंद घरात एकटी राहिली, तर बघ." सासरे गेल्यापासून सासूबाई दोनदा राहायला आल्या होत्या आणि दोन्ही वेळा फणकाऱ्याने निघून गेल्या होत्या. अट्टललाही त्या हव्या होत्या, अगदी मनापासून. संध्याकाळी घरी आलं की दार उघडायला कुणीतरी असायचं, आणि "आलात?" असं विचारायचं. पण हे तो कधी त्यांना म्हणाला नव्हता. म्हणणार कधी? बोलायला फट मिळाली पाहिजे ना!

सासूबाईंचं वाक्य म्हणजे मारुतीचं शेपूट. गिझरपासून निघायचं, मावसबहिणीच्या मोतीबिंदूवरून वळसा घेऊन पुन्हा गिझरवर यायचं. लेक मध्येच उठून वॉशिंग मशीन लावायची. जावई "हो हो, आई" म्हणत मोजे शोधायला लागायचा. सासरे तर, म्हणे, सरळ रेडिओ लावायचे.

तेव्हा ऑफिसात एका दवाखान्याच्या ॲपचं काम चाललं होतं. डॉक्टरांची खरी माहिती अजून आली नव्हती. अशा वेळी रिकाम्या जागेत काहीतरी लांबलचक मजकूर भरून बघायचा असतो, म्हणजे मांडणी कुठे फाटते ते कळतं. अट्टलला वाटलं, लांबलचक मजकूर म्हणजे घरचीच खाण! सकाळी त्याने फोनवर बोललेलं आपोआप टाइप होण्याची सोय चालू केली, फोन सासूबाईंसमोर टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेला. परत आला तेव्हा फोन ओसंडून वाहत होता. त्याने तो सगळा मजकूर न वाचता तसाच, थोडाथोडा करून, ॲपमधल्या एकेका डॉक्टरच्या नावाखाली ओतला. वाचायला वेळ कुणाला? त्याला हवी होती फक्त लांबी.

पुढे एकेका डॉक्टरची माहिती येत गेली आणि भरली गेली. गुडघ्याच्या डॉक्टरांची काही आली नाही. हा गडी तिथला भरतीचा मजकूर पुसायला विसरला, आणि ॲप गावभर सुरू झालं.

आणि पहिल्याच दिवशी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावायला कोण बसलं? दुसरं कोण! डॉक्टरांच्या झुपकेदार मिशांच्या फोटोखाली सासूबाईंना दिसलं: 'मी आता माझ्या घरी जाते म्हणते, बरेच दिवस झाले…'

दवाखान्यात फोनवर फोन. डॉक्टर घरी गेले का? आणि 'गेले' का 'गेल्या'? इकडे अट्टलच्या टेबलाशी ऑफिसच्या मोठ्या मॅडम कंबरेवर हात ठेवून उभ्या, तेवढ्यात बायकोचा फोन.

"काय करून ठेवलंस? आई बॅग भरतेय! म्हणते, जावयाने गावाला जाहीर केलं, म्हातारी जातेय म्हणून. आता राहायचं कुठल्या तोंडाने?"

अट्टल खुर्चीतून ताडकन उठला. कसाबसा म्हणाला, "मी आलोच."

"कुठे आलोच?" मॅडम कडाडल्या. "ते आधी पुसा. आणि मजकूर तुटतोच कसा? उद्या खरी माहिती आली तरी अशीच अर्धी दिसणार!"

त्याने घाईघाईने अटी उघडल्या. चूक त्याचीच होती. फोटोचा आग्रह भारी, बटणाचा भारी, आणि मजकुराचा सगळ्यांत कमी. त्याने मजकुराचा आग्रह वर चढवला: याला कुणी चेपायचं नाही, बाकीच्यांनी सरकायचं. डॉक्टर मिशांसकट वर गेले, बटण खाली गेलं, आणि मध्ये अख्खं वाक्य उलगडलं.

'मी आता माझ्या घरी जाते म्हणते, बरेच दिवस झाले, तिकडे कुंड्या वाळल्या असतील, आणि जाते जाते म्हणते ते काही हौस म्हणून नाही, तिकडे भिंतींशी बोलून बोलून जीव नको होतो, कुणीतरी राहा म्हणेल म्हणून म्हणते, पण या घरात वाक्य पुरं होईपर्यंत माणूस थांबेल तर शपथ, बघा, गेलेच आंघोळीला.'

त्याने दोनदा वाचलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"कोण या?" मॅडमनी मागून विचारलं. त्यांनीही वाचलं होतं.

"सासूबाई."

"घरी जा," मॅडम म्हणाल्या. "हे मी पुसते."

घरी पोहोचला तर बॅग दारात, आणि सासूबाई चपला घालताहेत. बायको रडवेली होऊन भिंतीला टेकलेली. अट्टल सरळ त्या बॅगेवरच बसला.

"आई, राहा."

"आता म्हणताय होय?" सासूबाई म्हणाल्या, आणि सुरू झाल्या. गावभर झालेल्या शोभेपासून निघाल्या, मिशांवर आल्या, मावसबहिणीकडे गेल्या, सासऱ्यांच्या रेडिओपाशी जरा थांबल्या, डोळे पुसले आणि पुन्हा निघाल्या. बायको सवयीने काहीतरी म्हणायला गेली. त्याने हातानेच गप्प केलं. खिशातला फोन वाजून वाजून थकला. तो बॅगेवर बसून ऐकत राहिला.

शेवटी सासूबाई थांबल्या. कुणी तोडलं नाही म्हणून बावरून इकडेतिकडे बघायला लागल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "संपलं माझं."

"मग राहताय ना?"

"राहते," सासूबाई म्हणाल्या. चपला काढल्या.

बॅग त्याने उचलून माळ्यावर टाकली. ती तिथे कशी वाकडी बसली आहे, हे त्यांनी त्याला सविस्तर सांगितलं, आणि सगळं सांगून होईपर्यंत तो स्टुलावरून खाली उतरला नाही.