लोकरीची मेंढरं

पत्नी गेल्यावर मी शिरूरच्या आठवडे बाजारात एका आबांशेजारी नुसताच जाऊन बसत असे. स्वतःचा कळप केव्हाच विकलेले हे धनगर आबा लोकरीची खेळण्यातली मेंढरं करत. मेंढरू देण्याआधी मुलाचा अंगठा गेरूत बुडवून ते त्याची खूण मेंढराच्या पाठीवर उमटवत. "दुसऱ्याच्या कळपात गेलं म्हंजी?" असं गंभीरपणे विचारत.

समोर सेलवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचं दुकान आलं आणि आबांकडे कुणी फिरकेना. "आज एक बी खपलं न्हाई, तर पुन्हा बसायचा न्हाई," ते मला म्हणाले.

दुकानदारानं समोरून विचारलं, "आबा, चालतं का तुमचं मेंढरू?"

"चालतंय की. कुणाच्या मागं जायचं, ते बी त्येला कळतंय."

तेवढ्यात दुकानदाराचीच लेक गाड्या ओलांडून आली आणि एक मेंढरू छातीशी धरून बसली. बापानं ओढलं तरी सोडेना. शेवटी त्यानं खिशात हात घातला.

"पैशे मागनं," आबा म्हणाले. "आधी अंगठा. तिचा आन् तुझा बी."

बापानं अंगठा पुढे केला. ते बघायला पोरांचा गराडा पडला आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली.

"गुरुजी," आबा हात पुसत मला म्हणाले, "आता लोकर पुरायची न्हाई."

वर्षभरात मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसलो.