खेळायची काळी बाहुली

माझ्या आत्याइतकी भांडकुदळ बाई चिंचवडात तिच्या आधी झाली नाही आणि तिच्यानंतर होण्याचा संभव नाही, कारण तेवढ्या भांडणाला लागणारी फुरसत आता कुणाकडे उरलेली नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं लोक म्हणतात. आमच्या आत्याला मिशांची गरजच नव्हती, भलेभले मिशीवाले तिला पाहून गल्ली बदलायचे. तिच्या भांडणाची एक ठरलेली रीत होती. आधी पदर खोचायचा, मग डावा हात कमरेवर, उजव्या हाताचं बोट आढ्याकडे, आणि मग डोळे गच्च मिटून घेऊन ठणकावायचं, "आता माझं ऐका!" डोळे का मिटतेस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "समोरच्याचं तोंड दिसलं की मला मेली दया येते रे. मग भांडण धड होत नाही." यात एक तोटा होता. दुधात पाणी घालणारा गवळी हे ओळखून होता. आत्याचे डोळे मिटले की तो सायकल हळूच वळवून पसार व्हायचा आणि आत्या पाव तास तुळशीवृंदावनाला पाण्याचे दोष ऐकवत उभी राहायची. आतोबा सुपारी कातरता कातरता म्हणायचे, "अगं, गेला तो." त्यावर आत्या म्हणायची, "गेला असेल. माझं व्हायचंय अजून."

पिंपरीच्या नव्या कारखान्यात मला नोकरी लागली आणि मी तिच्याकडे राहायला आलो, ती साल पन्नासनंतरची गोष्ट. आतोबा देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होते. रोज सायकलनं जायचे, सायकलनं यायचे, आणि बोलण्याचं खातं आत्याकडे असल्यामुळं स्वतः बहुधा गप्प असायचे. लग्नाला पंधरा वर्षं होऊनही मूल नव्हतं, तेव्हा दोघांनी पुण्याच्या एका आश्रमातून दीड वर्षाची यमू आणली होती. आत्या गोरी म्हणजे इतकी, की पान खाल्लं तर घशातून उतरताना दिसावं. आणि यमू काकवीच्या रंगाची. आत्यानं कुणापासून काही लपवलं नाही, यमूपासूनही नाही. पण आपल्या लोकांना सांगितलेलं पुरत नाही हो! समोरच्या काकू पाच वर्षं सलग, दर हळदीकुंकवाला, यमूची हनुवटी धरून विचारायच्या, "गोड आहे हो पोर, पण कोणावर गेलीय?" अहो, माहीत आहे ना तुम्हाला? मग कशाला विचारता? कुणी साय लावायला सांगे, कुणी मसुरीचं पीठ. आत्या म्हणायची, "माणसावर गेलीय. तुम्ही कुणावर गेलात?" मग हळदीकुंकू तिथंच संपायचं.

या सगळ्यात भर घातली ती मी. पहिला पगार झाला तेव्हा मोठ्या हौसेनं पुण्याहून यमूला बाहुली आणली. गुलाबी गाल, पिवळे केस, निळे डोळे. आत्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "हे कुठल्या साहेबाचं पोर उचलून आणलंस?" मला राग आला. दोन दिवसांनी मात्र मला माझीच लाज वाटली. आळीतल्या मुलींनी भातुकली मांडली होती, आणि यमूला सांगितलं होतं, की तू या बाहुलीची आई होऊ शकत नाहीस, ती गोरी आहे, तू तिची मोलकरीण हो. यमूनं मुकाट्यानं आपल्याच बाहुलीची भांडी घासली. घरी आली, पानावर बसली आणि वरणभात कालवता कालवता तिनं विचारलं, "आई, सारखं दिसत नसलं तर आई होता येत नाही का?"

आत्याच्या हातातली पळी आमटीतच राहिली. मला वाटलं, आता ही उठणार आणि आळीतल्या प्रत्येक दारापुढं डोळे मिटून उभी राहणार. पण ती उठली नाही. यमू झोपल्यावर आतोबा हळूच म्हणाले, "अगं, तू झालीसच की तिची आई. सारखी कुठं दिसतेस?" आत्या म्हणाली, "मी भांडून झाले. ती सहा वर्षांची आहे. ती कुणाशी भांडणार? तिला तिच्यासारखी बाहुली पाहिजे. उद्याच्या उद्या."

उद्या कसली, चार महिने गेले! पुण्यातलं एक दुकान तिनं सोडलं नाही. "काळी बाहुली दाखवा," म्हटलं, की दुकानदार काऊंटरखालून काय काढत असेल? दृष्टीची बाहुली! तीच ती, चिंधीची, पांढऱ्या डोळ्यांची, लिंबू-मिरचीबरोबर टांगायची. एकानं तर विचारलं, "बाई, नवं घर बांधलंय का, ट्रक घेतलाय?" आत्या म्हणाली, "मुलीला खेळायला पाहिजे." तर तो हसला. म्हणाला, "काळ्या बाहुलीशी कुणी खेळतं का?" झालं! पदर खोचला, डोळे मिटले. "आता माझं ऐका! गोरी बाहुली मांडीवर घ्यायची, काळी उलटी टांगायची, हे कुणी ठरवलं? तुमच्या घरात कुणी सावळं नाही? त्यांना टांगता का चौकटीला?" डोळे उघडले तेव्हा दुकानदार गल्ला सोडून मागच्या दारानं गेला होता आणि मी एकटा उभा होतो. तिनं तेच सगळं मला पुन्हा ऐकवलं.

बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तर! आत्या गावोगाव काळी बाहुली शोधतेय, ही बातमी तिच्या आधी चिंचवडात पोचली. काकूंनी आळीभर केलं, की ही बाई कुणावर तरी करणी करणार. दूधवाल्यानं आठ दिवस निर्भेळ दूध घातलं. तेवढाच आम्हाला फायदा. पण बायका यमूला बघून आपल्या मुलींना आत बोलवायला लागल्या, तेव्हा माझंही डोकं फिरलं. सहा वर्षांच्या पोरीनं यांचं काय घोडं मारलं होतं?

शेवटी आत्यानं दुकानांचा नाद सोडला आणि देहूरोडला फौजी कपडे शिवणाऱ्या एका मुसलमान मास्तरांना गाठलं. आतोबांचे गणवेशवाले सोबती त्यांच्याकडूनच कपडे शिवून घेत. मास्तरांनी चष्म्यावरून यमूला न्याहाळलं, गाठोडं सोडलं आणि म्हणाले, "बाई, खाकी घ्या ना. फौजी रंग है, मैल दिसत नाही." आत्या म्हणाली, "माझी नात पलटणीत भरती व्हायची नाहीये!" बाहुली अजून शिवलीही नव्हती आणि ही तिची आजी झाली होती. मास्तर हसले. "बरं, रंगाचं कापड तुम्ही आणा. शिवून मी देतो. नाक असं काढतो, की नथ घालाल."

आता कापडाला तो रंग आणायचा कुठून? त्याचं उत्तर दारावर आलं. चाकणहून कांदे घेऊन येणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी सगळी कहाणी ऐकली आणि टोपली उतरवत म्हणाल्या, "अवो बाई, येवढंच व्हय! कांद्याची सालटं उकळा लोखंडाच्या कढईत, न् टाका मांजरपाट त्यात. सालटं मी आनते पोतंभर, बाजारात लोळत पडत्यात." एवढं बोलून यमूचा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "रंग कसा झ्याक हाय पोरीचा. कुनी नावं ठिवली हो?" त्या दिवशी आत्यानं त्यांच्याकडून कांदे भाव न करता घेतले. असं पुन्हा कधी घडलं नाही.

मग घरात कांद्याचा यज्ञ सुरू झाला. कारखान्यात माझ्या शेजारी बसणारा रोज विचारायचा, आज भजी होती का? पहिलं कापड निघालं ते हळदीसारखं पिवळं. यमूनं त्याच्याशेजारी आपला हात धरला, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. दुसरं निघालं तांबूस. पुन्हा हात, पुन्हा मान. "आई, हिला अजून शिजव." तिसऱ्या वेळी आत्यानं त्यात हिरडा टाकला आणि कापड कढईतच मुरू दिलं. सकाळी पिळून वाळत घातलं. यमूनं हात शेजारी नेला, आणि हात कुठं संपतो न् कापड कुठं सुरू होतं, ते तिचं तिलाच कळेना. ती कापडाला गाल लावून तशीच उभी राहिली.

मास्तरांनी बाहुली शिवली ती खरंच नथ घालण्याजोगी. काळ्या दोऱ्याच्या दोन वेण्या, बटणाचे डोळे, आत्याच्या जुन्या इरकलीच्या काठाचं लुगडं. मेच्या सुटीत काकूंच्या ओसरीवर बाहुला-बाहुलीचं लग्न ठरलं. बाहुला काकूंच्या मुलीचा, आणि त्याला सगळ्यांनी आपापली नवरी दाखवायची. यमू बाहुली कडेवर घेऊन गेली, मागोमाग आत्या, आणि आत्याच्या मागं मी, कारण काहीतरी होणार हे मला दिसत होतं. झालंच! काकूंनी बाहुली पाहिली आणि दोन पावलं मागं सरल्या. "अगं बाई! शुभकार्यात काळी बाहुली? टांग गं ती तिकडे दाराला." त्यांची मुलगी म्हणाली, "आमच्या बाहुल्याला गोरीच नवरी हवी."

आत्याचा पदर खोचून झाला होता. बोट वर गेलं होतं. ती डोळे मिटणार, इतक्यात खालून एक बारीक, पण खणखणीत आवाज आला.

"आता माझं ऐका!"

यमू. पदर नव्हता म्हणून तिनं झग्याचं टोक खोचलं होतं. बाहुली डाव्या काखेत, उजवं बोट आढ्याकडे, आणि डोळे गच्च मिटलेले. "माझ्या मुलीला टांगायचं म्हणता? तिला तीन वेळा शिजवलंय! तुमचा बाहुला टकला आहे, आम्ही बोललो का काही? मी आई आहे तिची. आम्हालाच द्यायची नाही मुलगी तुमच्या घरात!"

काकूंनी तोंडावर हात ठेवला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई गं! ही तर अगदी आईवर गेलीय!"

पाच वर्षं दर हळदीकुंकवाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काकूंनी स्वतःच दिलं होतं. मी आत्याकडे पाहिलं. खोचलेला पदर तिनं सोडला आणि डोळ्यांना लावला. माझ्या माहितीत, भांडण ऐन रंगात असताना ती गप्प राहिली, ती तेवढी एकदाच. यमूचं मात्र अजून व्हायचं होतं. ती डोळे मिटून बोलत राहिली, आणि कुणीही तिथून निसटलं नाही.

आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आतोबा तिच्या आधीच गेले, नेहमीसारखे न बोलता. बाहुली यमूच्या कपाटात आहे. रंग उडून दुधाळ चहासारखी झालीय, तरी यमू तिला कुणाला हात लावू देत नाही. यमूला आता सून आहे, आणि तिच्या सोसायटीच्या मिटिंगांना लोक यायला बिचकतात. परवा मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा खाली पाण्याच्या टाकीवरून तिचं जुंपलं होतं. कमरेवर हात, बोट वर, डोळे बंद. माणसं एकेक करून सटकली. शेवटी मी एकटाच उरलो. "यमू, गेले गं ते," असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण म्हणालो नाही. मीही तिथंच बाकावर बसलो आणि डोळे मिटून घेतले. आवाज आत्याचा होता.