चवीपुरती खिचडी

फरीदाबादच्या आमच्या सरकारी शाळेत मुलांच्या दुपारच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण स्टाफरूममध्ये डब्यातलं सगळ्यांना वाढत फिरणारी मी एकटीच. मुख्याध्यापकांना ती पोषणशास्त्रातली पदवी वाटली असावी. आधी पोटोबा, मग विठोबा म्हणतात. आमच्या यवतमाळकडच्या बौद्ध घरात विठोबाचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे सगळी भक्ती पोटोबाच्या वाट्याला आली. वाढताना हात आखडता घेतला की आई डोळे वटारायची.

मग नवे निकष आले. ते समजावून द्यायला आम्हाला दिल्लीत एका थंडगार हॉलमध्ये बोलावलं. मुलं लठ्ठ होत चालली आहेत, असं एका तज्ज्ञ बाईंनी पडद्यावर दाखवलं. म्हणून तेल कमी, मीठ कमी, तांदळाच्या जोडीला बाजरी. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण प्रत्येक मुलाला मापाच्या डावाने एकदाच वाढायचं, दुसऱ्यांदा नाही, असंही ठरलं होतं. त्या दिवशी जेवणात दोन गोड पदार्थ होते. बाईंनी दोन्ही घेतले, अभ्यास म्हणून.

माझ्या चौथीच्या वर्गात लठ्ठ मूल शोधायला भिंग लागलं असतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! खिडकीपाशी एक मुलगी बसते. आई पॅकिंगच्या कारखान्यात, घरी धाकटी भावंडं. रविवारी शाळा नाही म्हणजे खिचडीही नाही, त्यामुळे सोमवारी ती दोनदा-तीनदा वाढून घ्यायची, एक शब्द न बोलता. नवा डाव आला त्या सोमवारी तिने ताट पुसून स्वच्छ केलं आणि परत पुढे धरलं. स्वयंपाक करणाऱ्या दीदींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. ती उठली, नळावर गेली आणि ओंजळीओंजळीने पाणी प्यायली. मला त्या डावाचा इतका संताप आला की उचलून नाल्यात भिरकावून द्यावा. पातेल्यात खिचडी उरलीच होती. ती फाटकापाशी उभ्या असलेल्या गायीला गेली. गायीला निकष लागू नव्हते.

पुढे पाहणीला एक साहेब आले. मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसले, फोटो काढून झाले. खिचडीला मी दीदींकडून लसणाची फोडणी घालून घेतली होती, ठरलेल्या तेलातच. साहेबांनी ताट संपवलं आणि सवयीने पुढे केलं.

"मॅडम, ज़रा और. बढ़िया बनी है."

शेजारी तीच मुलगी बसलेली. बिचारीने साहेबांना मदत म्हणून हळूच सांगितलं, "सर, दूसरी बार नहीं मिलती."

साहेब खूश झाले. "देखा? कितना अनुशासन है!"

मग साहेबांना दुसऱ्यांदा वाढलं गेलं, पाहुणे ते. डाव पातेल्यातून त्यांच्या ताटापर्यंत जाताना ती मुलगी बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

घरी जाताना मेट्रोत मी एकेक नियम आठवत बसले. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घेतलीच पाहिजे, हा जुना नियम अजून शाबूत होता. किती घ्यायची, ते कुणी सांगितलं नव्हतं. चिमूटभर मिठाचा हिशेब ठेवणाऱ्यांना चवीचं माप काही सुचलं नव्हतं.

तेव्हापासून सोमवारी मी चव घेते ती ताट भरून. पहिला घास माझा, नियमाप्रमाणे. बाकीचं ताट माझी मदतनीस, म्हणजे खिडकीपाशी बसणारी ती मुलगी, तपासते. नंतर पंगतीत तिला मापाचा डाव मिळतोच. हळूहळू आणखी काही बारक्या मुलांच्या जिभा भलत्याच तरबेज असल्याचं माझ्या लक्षात आलं, आणि तपासणी समिती वाढली. गाय मात्र हल्ली माझ्याकडे रागाने बघते.

गेल्या सोमवारी मुख्याध्यापक स्वयंपाकघरात डोकावले. मुलीसमोर भरलेलं ताट बघून म्हणाले, "मॅडम, इतनी टेस्टिंग?"

मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं, ताटातून मान वर न करता.

"नमक का अभी पक्का नहीं हुआ, सर. थोड़ी और देखनी पड़ेगी."