नाही वाटलं तर काय होते?

मंडळी, आजचंच आहे, म्हणून घरी न जाता वाचनालयाच्या फळ्यावर लिहितोय.

‘राग आला की थांबा आणि स्वतःला विचारा, हा राग कोणाला आला?’ एवढंच छापलेली पत्रकं मी सकाळी इतवारीच्या बाजारात वाटत होतो. एका भांडेवाल्या काकांनी पत्रक कपाळाला लावलं.

“पुढं नाही वाटलं तं काय होते गा?”

पत्रक वाटलं नाही तर देवी कोपेल, अशी धमकी छापलेले कागद बाजारात नेहमीच येतात. काकांना हेही त्यातलंच वाटलं.

“काही होत नाही काका. फक्त विचारून पाहा.”

दुपारी ते धापा टाकत आले. “वाटाले असेच कागद छापाले टाकून आलो. आता तं काही होणार नाही ना?”

“नाही होणार,” मी म्हटलं. ते निश्चिंत होऊन गेले.

तुम्ही काय म्हटलं असतं?